अर्ध्या हळकुंडाने पिवळं!

पांढऱ्या शर्टवर आमटी सांडलीय कधी? आता सांडली तर त्या पिवळ्या डागावर साबण घासून बघा. डाग चक्क लाल होतो! घाबरू नका. साबण धुऊन टाकला की पुन्हा पिवळा. मग शर्ट कडक उन्हात वाळत घाला, डाग फिका पडत जाईल. ही सगळी करामत कर्क्युमिनची. हळदीला पिवळा रंग देतं ते हेच.

कर्क्युमिन हे अँटीऑक्सिडंट आहे. चिरलेलं सफरचंद थोड्या वेळात काळपट पडतं ना? तो हवेतल्या ऑक्सिजनचा उद्योग. आपल्या शरीरातही ऑक्सिजन वापरताना काही हावरे कण तयार होतात, ते शेजारच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन ओरबाडतात. त्यांना ‘फ्री रॅडिकल’ म्हणतात. अँटीऑक्सिडंट पुढे होतं, ‘घे माझ्याकडचं’ म्हणतं, आणि कण शांत होतो. (म्हणून चमचे भरभरून हळद खाऊ नका हं! पोटातून रक्तात कर्क्युमिन फार थोडं पोचतं.)

आता खरी गंमत. सगळ्या हळदीत कर्क्युमिन सारखं नसतं. एरवी 100 ग्रॅम हळदीत ते 2 ते 5 ग्रॅम असतं. पण मेघालयात, जैंतिया टेकड्यांमध्ये लाकाडोंग नावाचं गाव आहे. तिथल्या हळदीत 7 ग्रॅमच्या आसपास! ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं’ तिथे अगदी खरं वाटेल. आपल्या वर्धा जिल्ह्यातलं वायगावही काही कमी नाही, तिथे ते 6 ग्रॅमच्या घरात असतं.

असं का? थोडं वाणामुळे, थोडं गावामुळे. मातीचा कस, पाऊस, ऊन, थंडी, जमिनीची उंची, सगळ्यांचा त्यात हात. तेच बेणं दुसऱ्या गावी लावलं तर कर्क्युमिन कमी-जास्त होतं. मला तर हे फार आवडतं: हळकुंडात अख्खा गाव साठलेला असतो!

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला हळदीच्या एका गड्ड्याचे, डोळे असलेले दोन तुकडे करा. एक तुमच्या कुंडीत लावा, दुसरा मामाच्या गावच्या मातीत. आठ-नऊ महिन्यांनी पानं वाळली की दोन्ही उकरा आणि मोडून आतला रंग बघा. कर्क्युमिन प्रयोगशाळेतच मोजता येतं, पण वास, रंग, गड्ड्यांचा आकार वहीत टिपायला कोण अडवतंय?