सायकलीवरील दानफेरी : तिचा हेतू, हिशेब आणि दोघांची साथ

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात विद्यार्थी-साहाय्य निधीसाठी एक सायकलफेरी काढावी, अशी सूचना तरुण सभासदांकडून पुढे आली आहे. तीवर वडीलधाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न स्वाभाविकपणे असा, की पैसे द्यावयाचे तर ते सरळ द्यावेत; त्यासाठी घाम गाळीत पन्नास किलोमीटर पायडल मारण्याचे प्रयोजन काय? आम्ही उभयतांनी बेळगाव ते कित्तूर अशा एका फेरीत भाग घेतला होता. त्या वेळी हा प्रश्न आम्हांला आधी घरात आणि मग दारोदार सोडवावा लागला. त्यातून जे उमगले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम ही रीत समजून घेऊ. दानफेरीत उतरणारा स्वार आपल्या ओळखीच्या माणसांकडे एक कागद घेऊन जातो. देणारा त्यावर आपले नाव लिहितो आणि दर किलोमीटरला अमुक रुपये, किंवा फेरी पुरी झाल्यास एकूण अमुक रुपये, असे वचन देतो. फेरी झाल्यावर स्वार ती रक्कम गोळा करून संस्थेकडे भरतो. परदेशांत ही प्रथा चांगली रुजली आहे. इंग्लंडात लंडन ते ब्रायटन ही ५४ मैलांची फेरी १९८० पासून हृदयरोगावर काम करणाऱ्या संस्थेसाठी निघू लागली. तिच्या अखेरच्या टप्प्यात डिचलिंग बीकन नावाचा चढ लागतो आणि तेथे पुष्कळ जण मुकाट्याने उतरून सायकल ढकलतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात त्याच १९८० साली ३६ स्वारांनी कर्करोगाच्या संशोधनासाठी एक फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी जमले सुमारे दहा हजार डॉलर. पुढे दरवर्षी निघत राहिलेल्या त्या फेरीची आजवरची एकूण जमा शंभर कोटी डॉलरांच्या वर गेली आहे.

आता मूळ प्रश्न. हे पैसे पायडलातून निघत नाहीत, हे खरेच आहे. ते निघतात ओळखीतून आणि विश्वासातून. समजा, एखाद्या गृहस्थाने स्वतः एक हजार रुपये दिले, तर निधीत एक हजार आले आणि दाता एकच राहिला. तोच गृहस्थ पन्नास किलोमीटरच्या फेरीसाठी चाळीस घरी गेला आणि प्रत्येकाने किलोमीटरमागे पाच रुपये कबूल केले, तर दहा हजार रुपये होतात. शिवाय आपला निधी कोणत्या मुलांसाठी आहे, हे चाळीस घरांना कळते. सायकल हे मागण्याचे निमित्त आहे. स्वाराचे श्रम हा त्या मागणीचा जामीन आहे. 'मी स्वतः झीज सोसतो, तुम्ही थोडा भार उचला,' असे म्हणता आले की हात पसरताना मान खाली जात नाही.

दान गुप्त असावे, मग हा गाजावाजा कशाला, असाही एक आक्षेप आम्हांला ऐकावा लागला. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपल्या सर्वच समाजांत आहे. कुराणातही गुप्त दान अधिक चांगले मानले आहे. परंतु त्याच ठिकाणी उघड दानालाही चांगलेच म्हटले आहे. एकाने उघडपणे दिले की दुसऱ्याला देण्याची आठवण होते, हा त्यातील लाभ. मात्र येथे एक भेद पाळावा. जकात ही मुसलमानांवर बंधनकारक असून बचतीच्या अडीच टक्के काढावयाची असते, आणि ती कोणाला द्यावी हेही ठरलेले आहे. फेरीचे सदरे, फलक, अल्पोपाहार यांवर ती खर्च करता येणार नाही. म्हणून कोणी जकात देऊ केल्यास ती या कागदावर न घेता निराळ्या पावतीने घ्यावी. ऐच्छिक देणगीला असे बंधन नाही.

खर्चाचा मुद्दा तर सर्वांत नाजूक. वरच्या उदाहरणातील दहा हजारांतून छपाई, खाणे, वैद्यकीय वाहन यांसाठी तीन हजार गेले, तर देणाऱ्याच्या रुपयातील सत्तर पैसेच विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतात. अमेरिकेत १९९४ पासून एड्सग्रस्तांसाठी निघालेल्या मोठ्या फेऱ्यांनी अमाप पैसा उभा केला. पण त्यांवरील खर्चाविषयी टीका होत गेली आणि त्या भरविणारी कंपनी २००२ साली बंद पडली. याउलट वर सांगितलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या फेरीत स्वारांनी जमविलेला सर्व पैसा रुग्णालयाकडे जातो आणि व्यवस्थेचा खर्च प्रवेशशुल्क व पुरस्कर्ते यांच्याकडून भागविला जातो. आपणही हाच मार्ग धरावा. खर्च आधी वेगळा उभारावा. कागदावरील रुपयाला हात लावू नये.

आता दोघांच्या साथीविषयी. पतिपत्नींनी मिळून भाग घेतला तर रक्कम केवळ दुप्पट होते असे नाही, ओळखीचे वर्तुळच बदलते. आमचे दाते म्हणजे शाळेतील सहकारी, जुने विद्यार्थी, पेठेतील दुकानदार. आमच्या पत्नीच्या कागदावर मात्र शिवणकाम करणाऱ्या मावशी, भाजीवाल्या काकू, शेजारच्या भाभी अशी नावे आली. रकमा लहान, पण त्या घरांत आजवर कोणत्याच संस्थेचे पावतीपुस्तक गेले नव्हते. एका दुकानदाराने आम्हांला विचारले, "मास्तर, सायकल तुम्ही चालवणार आणि पैसे आम्ही द्यायचे, हा कुठला न्याय?" आमच्या पत्नी बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, पैसे आमच्या हाती थांबायचे नाहीत. ते मुलांच्या फीचे. आम्ही नुसते निरोपे." त्यांनी हसत किलोमीटरमागे दोन रुपये लिहिले.

रस्त्यावरील नियम त्याहून सोपे, पण पाळावयास कठीण. दोघांची गती सारखी नसते. आपल्या सोयीच्या वेगाने पुढे निघून जाणे आणि मग वाटेत वाट पाहत उभे राहणे, याने दोघेही थकतात; मागचा माणूस पोहोचताच पुढचा विसावा संपवून निघतो आणि मागच्याला विसावा मिळतच नाही. म्हणून चढावर सावकाश चालणाऱ्याने पुढे राहावे, म्हणजे वेग आपोआप त्याचा राहतो. समोरून वारा असेल तेव्हा मात्र दमदार माणसाने पुढे व्हावे. त्याच्या आडोशाने मागच्याचे श्रम पुष्कळ कमी होतात. हिरेबागेवाडी सोडल्यावर आम्हांला असा वारा लागला. तेथून एम. के. हुबळीच्या मलप्रभेवरील पुलापर्यंत आम्ही पुढे होतो, आणि पुढच्या चढांवर आमच्या पत्नी. महामार्गावर जड वाहने वेगाने जातात, म्हणून दोघांनी शेजारी शेजारी गप्पा मारीत जाऊ नये. एकामागे एक, डावी कड धरून जावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घ्यावे. बैठकीची उंची अशी ठेवावी की पायडल खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहील. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने पन्नास किलोमीटरांस साडेतीन तासांच्या आत-बाहेर लागतात. विसावे धरून पाच तास धरावेत.

बायकांनी रस्त्यावर सायकल चालवावी का, अशी कुजबुज अजून कोठे कोठे होते. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता चळवळीने खेड्यांतील हजारो स्त्रियांना सायकल शिकविली. त्यांत मुसलमान स्त्रियाही होत्या. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, वर्गाला जाणे ही कामे त्यांना कोणाच्या सोबतीवाचून करता येऊ लागली. जी गोष्ट पोटापाण्यासाठी योग्य, ती परोपकारासाठी अयोग्य कशी?

शेवटी वसुली. फेरीच्या उत्साहात दिलेली वचने आठवडाभरात निवतात. म्हणून आठ दिवसांच्या आत सर्व घरी जावे. एखाद्यास पस्तिसाव्या किलोमीटरला थांबावे लागले तर पस्तीसचेच पैसे मागावेत आणि हे कागदावर आधीच छापावे. प्रत्येकास, पाच रुपये देणाऱ्यासही, पावती द्यावी. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस २०१७ पासून प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम बँकेमार्फत घ्यावी. आणि किती जमले, कोणत्या इयत्तेच्या किती मुलांची फी भरली, हे त्याच चाळीस घरी जाऊन सांगावे. मागावयास जाणारे पुष्कळ असतात, सांगावयास जाणारे थोडे. हे दुसरे जाणे ज्यांना जमेल त्यांनीच पहिल्या जाण्याला निघावे, आणि शक्य असेल तर जोडीने निघावे.