शोषक चटई आणि पेटंटमधील 'सहज सुचण्या'ची कसोटी

पावसाळ्यात शहापूर-मुरबाड परिसरात उंबऱ्याशी पाय पुसण्यास गोणपाट अंथरतात. त्याखाली प्लास्टिकचा थर जोडून कोणी पेटंट मागितल्यास ते मिळावे काय? पेटंट अधिनियम, १९७० नुसार स्वतंत्रपणे पूर्ववत कार्य करणाऱ्या ज्ञात साधनांची केवळ मांडणी हा शोध ठरत नाही. थरांच्या संयोगातून नवा तांत्रिक परिणाम साधल्यास मात्र विचार बदलतो. भांडी लेथवर पकडण्याच्या साधनाचे पेटंट १९७८ मध्ये रद्दबातल ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने कसोटी सांगितली: सदर शोधाची माहिती नसलेल्या कुशल कारागिरास अर्जापूर्वीच्या ज्ञानावरून तो सुचला असता काय? चटई पाहिल्यानंतर ती सोपीच वाटते. म्हणून ही कालमर्यादा पाळावी. अन्यथा खरा शोधक डावलला जाईल. कसोटीच सैल केल्यास गावाचे सामायिक ज्ञान एकाच्या मालकीचे होईल.