पाणीपट्टी निम्मी झाली, पण हिशेब?

दुधाचा हिशेब आपण कसा ठेवतो? कॅलेंडरवर. दूध आलं नाही, त्या तारखेवर फुली. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या, तेवढे पैसे कापायचे, उरलेले द्यायचे. दूधवालाही कुरकुर करत नाही. आता सांगा मैत्रिणींनो, नळाच्या पाण्याचा असा हिशेब आपल्यापैकी किती जणी ठेवतात?

आमच्या शहरात तो ठेवायची वेळ आली. शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर, 2023 पर्यंतचं औरंगाबाद. पैठणचं जायकवाडी धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर. तरी 2022 च्या उन्हाळ्यात कुठे पाचव्या दिवशी पाणी, तर कुठे आठव्या. आणि घरगुती नळाची पाणीपट्टी वर्षाला 4,050 रुपये. मीटर नाही, सरसकट. पाचव्या दिवशी पाणी म्हणजे वर्षातून 73 वेळा. करा भागाकार. एका वेळचे पंचावन्न रुपये! आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या घराला तीच एक वेळ नव्वदच्या आसपास पडते. पाणी जितकं कमी, तितकं ते महाग. वाण्याकडे असं चाललं असतं का हो?

ही 4,050 ची रक्कम एका दिवसात झालेली नाही. जायकवाडीहून नवी मोठी जलवाहिनी टाकायची आणि शहराचा पाणीपुरवठा वीस वर्षांसाठी खासगी कंपनीकडे द्यायचा, असा करार 2011 मध्ये झाला. हीच ती ‘समांतर’ योजना. पाणीपट्टीत दरवर्षी दहा टक्के वाढ व्हायची, ती याच काळात. 2014 च्या सप्टेंबरात कंपनीनं काम हाती घेतलं. नागरिकांची कृती समिती रस्त्यावर उतरली, कोर्टातही गेली. करारातली कलमं सामान्य माणसाला समजतील अशा भाषेत सांगण्याचं काम या लोकांनी केलं, ते मला मोर्च्यांपेक्षाही मोठं वाटतं. 2016 मध्ये महापालिकेनं करार रद्द केला. लोक जिंकले. पण गंमत बघा, योजना गेली आणि वाढत वाढत गेलेली पट्टी मात्र राहिली.

मग आला 2022 चा मे महिना. पाण्यावरून शहर तापलेलं. सरकारनं पाणीपट्टी निम्मी केल्याचं जाहीर केलं. तरीही 23 मे रोजी पैठण गेटहून महापालिकेवर मोठा मोर्चा निघाला, डोक्यावर रिकामे हंडे घेतलेल्या बायका त्यात होत्या. मोर्चा राजकीय पक्षाचा होता, घोषणाही पक्षाच्याच. हंडे मात्र खरे होते.

पट्टी निम्मी झाली, दोन हजारांच्या घरात आली, कुणाला आवडणार नाही? घरात दोन हजार वाचले की दोन हजार वाचले. पण खरं सांगू? मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की आपण मागितला होता हिशेब आणि आपल्या हातावर ठेवली गेली सवलत. पाचव्या दिवसाचं पाणी तिसऱ्या दिवशी कधी येणार, ते तसंच राहून गेलं.

शिवाय महापालिकेचीही बाजू आहे. पूर्वी तिला जकात मिळायची. जकात जाऊन एलबीटी आला, 2015 च्या ऑगस्टात तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, 2017 मध्ये जीएसटी आला. आता राज्य सरकारकडून येणारं अनुदान, मालमत्ता कर आणि पाणीपट्टी यांच्यावरच मुख्य भिस्त. इकडे नव्या पाणी योजनेचा खर्च 1,680 कोटींवरून 2,740 कोटींवर गेला. त्यातले तीस टक्के, म्हणजे 822 कोटी, महापालिकेचा वाटा. समजा, एक लाख घरांनी दोन हजार रुपये भरले तर होतात वीस कोटी. एक्केचाळीस वर्षं भरत बसलो तरच 822 कोटी होतील! म्हणजे नुसत्या पाणीपट्टीतून हे भागणार नाही, निम्मी ठेवा नाहीतर पुरी.

आणि हे सगळं नळ असलेल्यांचं. गुंठेवारीतल्या कित्येक वसाहतींमध्ये नळच नाही. तिथली बाई टँकरची वाट बघते आणि ड्रमच्या हिशेबानं पैसे मोजते. पट्टी निम्मी झाल्याचा तिला एक पैसा फायदा नाही. मोर्च्यात हंडा घेऊन बहुधा तीच पुढे असते आणि सवलत मिळते मागच्या बंगल्याला. हे मला फार टोचतं.

मग करायचं काय? महापालिकेचं अंदाजपत्रक बघायचं. घाबरू नका, भिशीच्या वहीपेक्षा फार अवघड नसतं ते. त्यात एक रकाना ‘अंदाज’ असतो आणि एक ‘प्रत्यक्ष’. आपली नजर ‘प्रत्यक्ष’वर हवी. अंदाज कितीही फुगवता येतो. न लागलेल्या भिशीच्या भरवशावर फ्रिज आणावा, तशी त्यावर कामं मंजूर होतात आणि मग ठेकेदारांची बिलं थकतात. पाणीपट्टीतून प्रत्यक्ष किती आले, पाणी उपसण्याच्या वीजबिलात किती गेले, गळती दुरुस्तीवर किती, एवढे तीन आकडे मिळाले तरी पुष्कळ. दिले नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही खर्च नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज मराठीत, साध्या कागदावर.

तुमचं गाव छोटं असेल, नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल, तरी हेच. मालमत्ता कराची नवी आकारणी आली, तर नोटिशीतली हरकतीची तारीख आधी वाचा. ‘हे बघतील’ म्हणून ती फ्रिजवर ठेवून देऊ नका. मुदत गेली की हरकत ऐकायला कुणी बांधील राहत नाही. आणि थकलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, वर्षाला चोवीस टक्के! सोनं तारण ठेवूनही एवढं व्याज पडत नाही बहुतेक ठिकाणी.

आमच्या महापालिकेत 2020 च्या एप्रिलपासून नगरसेवकच नव्हते. सगळी अंदाजपत्रकं प्रशासकांनी केली, विचारायचं तर कुणाला, असा प्रश्न होता. निवडणूक थेट 2026 च्या जानेवारीत झाली. निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तेव्हा आपल्या प्रभागात नगरसेविका आहेच. तिच्या हळदीकुंकवाला आपण जातोच. वाण घेताना तेवढे ते तीन आकडेही मागून घ्या. आणि कॅलेंडरवर दुधाच्या फुल्यांशेजारी, नळ आला त्या दिवशी एक गोल काढायला लागा. तिच्याकडचे आकडे येतील तेव्हा येतील, आपले गोल तयार हवेत.