साठ लिटरचा समुद्र सांभाळताना

निळसर प्रकाशात डोलणारे मऊ प्रवाळ, त्यांच्यामधून फिरणारी नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशची जोडी आणि काचेवरचे शेवाळ खरवडत सरकणारी गोगलगाय. अशी सागरी टाकी पाहिली की ती आपल्याही घरी असावी, असे अनेकांना वाटते. घरात जागा कमी, म्हणून दोन फुटांच्या छोट्या टाकीचा विचार होतो. गोड्या पाण्यातले मासे सांभाळण्याचा अनुभव असतोच. आता फक्त पाण्यात मीठ घालायचे, असा हिशेब असतो. पहिली गल्लत इथेच होते. सागरी टाकी जितकी लहान, तितकी ती सांभाळायला अवघड.

कारण साधे आहे. दोनशे लिटरच्या टाकीत एखादी गोगलगाय मरून कुजली, तर तिचे विष भरपूर पाण्यात विरून जाते. साठ लिटरच्या टाकीत तीच घटना एका रात्रीत सगळ्या माशांच्या जिवावर बेतू शकते. तापमान, क्षार, प्राणवायू या सगळ्याच बाबतीत लहान टाकी झपाट्याने बदलते, आणि समुद्रातल्या जिवांना बदलाची सवय नसते. त्यामुळे ही टाकी लावणाऱ्याने मासे पाळायला नव्हे, तर पाणी स्थिर ठेवायला शिकायचे असते.

किनाऱ्यावरून काही आणू नये

टाकीत काय ठेवता येईल, हे आवडीच्या आधी कायदा ठरवतो. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली पद्धत जगापुढे मांडली. समुद्रातला जिवंत खडक टाकीत ठेवला, तर त्यातले सूक्ष्मजीवच पाणी शुद्ध ठेवतात, असे त्यांनी दाखवले. घरगुती सागरी टाकीची वाट त्यातून मोकळी झाली. मात्र हा ‘जिवंत खडक’ म्हणजे बहुतांशी मेलेल्या प्रवाळांचा सांगाडा असतो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात भित्ती उभारणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्यांचे संरक्षण वाघाच्या बरोबरीचे. जिवंत प्रवाळ तोडणे तर गुन्हा आहेच, पण मेलेला तुकडा बाळगणेही अडचणीत आणू शकते. शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याचे काम सुरू असताना वरळी आणि हाजी अली इथल्या खडकांवरच्या प्रवाळांच्या लहान वसाहती 2020 मध्ये रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या, त्या याच कायद्यामुळे.

त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला दगड किंवा दुकानदाराने पावतीशिवाय दिलेला ‘रंगीत कोरल’ टाकीत येता कामा नये. सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक बाजारात मिळतात. ते सुरुवातीला भकास दिसतात, पण काही महिन्यांत जांभळट शेवाळाने झाकले जातात. मऊ प्रवाळांपैकी मशरूम किंवा झोअँथिड असे काही गट या परिशिष्टात नाहीत. तरीही खरेदीपूर्वी जातीचे नाव लिहून घ्यावे, पक्की पावती मागावी आणि शंका असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे खात्री करून घ्यावी.

मीठ म्हणजे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांतला साधारण 85 टक्के भाग सोडियम आणि क्लोराइडचा, म्हणजे आपल्या मिठाचा. उरलेल्या भागातले मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट यांच्यावाचून सागरी जीव जगू शकत नाहीत. म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेले सागरी मीठच वापरावे लागते. शहराजवळच्या किनाऱ्याचे पाणी बादलीने आणणे हा पर्याय नाही. त्यात सांडपाणी आणि गाळ असतो, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही घटतो.

मीठ ज्या पाण्यात विरघळवायचे, ते पाणीही शुद्ध हवे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मारक असते, फॉस्फेट शेवाळाला खतपाणी घालते, तर तांब्याचा अंशही कोळंबी आणि प्रवाळांना सोसत नाही. घरच्या आरओ यंत्राचे पाणी चालेल का, हा नेहमीचा प्रश्न. अनेक घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळली जातात. त्यामुळे टीडीएस मीटरने मोजून पाहावे. आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल तर पाणी पुढे डीआय रेझिनच्या नळीतून गाळून घ्यावे लागते.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. इथे एक गोष्ट समजून घेतली की अर्धे अपघात टळतात. टाकीतून उडून जाते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. साठ लिटर पाण्यात 2100 ग्रॅम मीठ आहे आणि रोज एक लिटर पाणी उडून जाते, असे धरू. पाच दिवस लक्ष दिले नाही, तर तेवढेच मीठ 55 लिटरमध्ये उरते आणि लिटरमागे 35 चे 38 ग्रॅम होतात. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि रोजची तूट शुद्ध, बिनमिठाच्या पाण्याने भरावी. खारे पाणी लागते ते फक्त पाणी बदलताना.

आधी जिवाणू, मग मासे

टाकी भरली, दिवे लागले, पंप सुरू झाला. आता सहा आठवडे थांबायचे. हीच गोष्ट सर्वांना जड जाते आणि पहिल्या महिन्यातले बहुतेक मृत्यू या घाईतून होतात.

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, तर दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ घातक, तिसरा बराच सौम्य. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3 असतो आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी ठरतो. गोड्या पाण्यात निभावून जाणारी चूक खाऱ्या पाण्यात महागात पडते, ती यामुळे.

हे जिवाणू खडकाच्या आणि वाळूच्या कणाकणावर वस्ती करतात, पण त्यांची वाढ संथ असते. बाटलीतले जिवाणू घालून आणि त्यांना खाद्य म्हणून मापून अमोनिया देऊन सुरुवात करता येते. दर दोन-तीन दिवसांनी चाचणी संचाने तपासावे. अमोनिया वाढून उतरतो, मग नायट्राइट वाढून उतरतो. दिलेला अमोनिया चोवीस तासांत संपला आणि नायट्राइटही शून्य आले, की टाकी तयार. त्यानंतर वाळूवर तपकिरी थर येतो, पुढे हिरवे केसाळ शेवाळ येते. टाकी बिघडली असे समजून तेव्हा अनेकजण सगळे धुऊन काढतात आणि जिवाणूंची वस्तीही त्यात वाहून जाते. खरे तर हे नव्या टाकीचे बालपण असते. गोगलगायी सोडाव्यात, दिवे आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि वाट पाहावी.

एप्रिल-मेची परीक्षा

टाकीचे पाणी 25 ते 26 अंशांवर ठेवायचे असते. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत अडचण गारठ्याची नसते, उकाड्याची असते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि ते प्रकाशापासून बनवलेले अन्न प्रवाळाला पुरवते. पाणी दीर्घकाळ तापले की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे पडते आणि पुढे उपासमारीने मरते. लक्षद्वीपच्या भित्तींवर 1998, 2010 आणि 2016 मध्ये हेच घडले. तिथे समुद्र नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनीच तापला होता.

पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला, तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र त्यामुळे बाष्पीभवन वाढते आणि रोजची भरही वाढते. दमट हवेत पंख्याचा फायदा कमी होतो. त्यामुळे विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडणारा पंखा कोकणात अपुरा ठरू शकतो. तिथे चिलर घ्यावा लागतो. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणून वीज गेल्यावर दिव्यांपेक्षा पंप महत्त्वाचा. तो इन्व्हर्टरवर असावा, नाही तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा.

कोण, किती आणि कधी

साठ लिटरमध्ये क्लाउनफिशची एक जोडी आणि फार तर एखादा छोटा गोबी, इतकेच मासे पुरेत. चित्रपटामुळे लाडका झालेला निळा टँग सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला ही टाकी म्हणजे कोंडवाडा. क्लाउनफिश घ्यायचे तर समुद्रातून पकडलेले न घेता पैदास केंद्रात वाढलेले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. असे मासे टाकीतल्या जगण्याला सरावलेले असतात. हे सगळे मासे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. त्यामुळे दोन लहान, थोडे कमी-जास्त आकाराचे मासे घेतले की जोडी जमते. त्यांना समुद्रफूल लागतेच असे नाही, आणि नव्या टाकीत समुद्रफूल टिकतही नाही.

मऊ प्रवाळ दोन-तीन महिन्यांनी आणावेत. त्यांना कठीण प्रवाळांइतके कॅल्शियम लागत नाही. दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदलले, की त्यांची गरज भागते. नवे पाणी आदल्या दिवशी मीठ विरघळवून तयार ठेवावे. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाद्याची बाटली देऊ नये. रोजच्या मापाच्या पुड्या बांधून द्याव्यात आणि पाण्याची खूण दाखवून ठेवावी. दोन दिवस कमी खाल्ल्याने मासा मरत नाही, जास्तीच्या खाद्याने मात्र टाकी मरते.

घरातल्या माणसांसाठी

कायद्याने मोकळे असलेले झोअँथिड दिसायला फुलांच्या ताटव्यासारखे असतात, पण त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. हवाईच्या किनाऱ्यावरच्या अशाच एका जीवातून ते 1971 मध्ये वेगळे करण्यात आले. पेशींमधील सोडियम-पोटॅशियमची ये-जा ते बिघडवते आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. इंग्लंडमध्ये 2018 साली टाकी साफ करताना हे विष हवेत पसरले, तेव्हा घरच्यांसह मदतीला आलेल्या कर्मचाऱ्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून असे जीव असलेला खडक कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, तो कोरडा घासू नये. हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. लहान मुले असलेल्या घरात हे जीव न ठेवलेलेच बरे. टाकीच्या कामानंतर तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव आली, खोकला, धाप किंवा डोळ्यांची आग सुरू झाली, तर खोलीबाहेर पडावे आणि रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका संथ आहे. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूच्या कुळातला जिवाणू हाताच्या ओरखड्यातून शिरतो. बहुधा काही आठवड्यांनी बोटांवर किंवा हातावर न दुखणारी, न बरी होणारी गाठ उठते. नेहमीच्या औषधांनी ती जात नाही. घरात मत्स्यटाकी आहे हे डॉक्टरांना सांगितले, तर निदान लवकर होते. जखम असेल तर हात पाण्यात घालूच नये.

तिसरा धोका विजेचा. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. अर्थिंग तपासून घ्यावे, आरसीसीबी बसवावा आणि प्रत्येक वायर प्लगकडे जाण्यापूर्वी एकदा खाली झुकलेली असावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली टपकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटणे बंद करावीत.

छंद सोडायची वेळ आली, तर टाकीतले जीव समुद्रात किंवा खाडीत सोडू नयेत. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश अशाच पाळीव माशांमधून अटलांटिकमध्ये पोहोचला आणि तिथल्या भित्तींवरचे लहान मासे फस्त करू लागला. दुसऱ्या छांदिष्टाला टाकी सोपवणे हाच योग्य मार्ग. टाकी विकत घेण्याआधीच तिची जबाबदारी पुढे कोण घेईल, हेही ठरवून ठेवावे.