बंद पडलेले सिंथेसायझर विकत घ्यावे का?



आपल्या वर्गातल्या, यंदा नववीत गेलेल्या एका मुलीने मला विचारले, "काका, कॉम्प्युटरवरचं एक सिंथेसायझर निम्म्याहून कमी किमतीत मिळतंय. आवाज फार छान आहे. पण बनवणाऱ्यांनी त्याचं काम बंद केलंय म्हणे. घेऊ का?" तिने वाढदिवसाचे पैसे आणि शेजारच्यांनी दिलेली ईदी साठवून ठेवली आहे. गणपतीच्या कार्यक्रमातल्या नाचाची धून तिला स्वतः करायची आहे. प्रश्न तिचा असला तरी उत्तर बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सिंथेसायझर म्हणजे काय ते पाहू. पेटीत भात्याची हवा पितळी पट्टीला हलवते आणि स्वर निघतो. सिंथेसायझरमध्ये पट्टीही नाही आणि हवाही नाही. विजेचा प्रवाह ठरावीक वेगाने वरखाली करायचा, त्यातली नको ती धार गाळून टाकायची आणि उरलेला कंप स्पीकरला द्यायचा, एवढीच त्याची युक्ती. कॉम्प्युटरवरच्या सिंथेसायझरमध्ये तर वीजही हिशेबापुरतीच. एका सेकंदाच्या आवाजासाठी तो साधारणपणे ४४,१०० आकडे काढतो आणि ते एकामागून एक बाहेर पाठवतो. म्हणजे आपण विकत घेतो ते वाद्य नव्हे, तर आकडेमोड कशी करायची याच्या सूचनांची यादी. सगळी गोम इथेच आहे.

खऱ्या, हाताला लागणाऱ्या वाद्याचे बनवणे बंद झाले म्हणून ते वाद्य मरत नाही. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी आजी-आजोबांना नक्की आठवत असेल. ती पुंगी नव्हतीच! क्लॅव्हिओलिन नावाचे छोटे विजेचे वाद्य होते आणि ते वाजवले होते कल्याणजींनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून प्रसिद्ध झालेल्या जोडीतल्या थोरल्या भावाने. दुसरे उदाहरण मुंबईचेच. चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. त्यात रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती : ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. यातले ८०८ कंपनीने १९८३ मध्ये बंद केले आणि ३०३ त्याच्या पुढच्या वर्षी. तबकडीही फारशी कोणी विचारली नाही. पण २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे लोक थक्क झाले. आणि ती जुनी यंत्रे तर आज मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जातात. एखादा भाग जळाला तर हुशार कारागीर तसाच दुसरा भाग लावतो. भिंतीतली वीज मिळाली की यंत्र वाजते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

सॉफ्टवेअरचे नेमके उलटे असते. ते झिजत नाही, त्याला फुजैराच्या दमट हवेची बाधा होत नाही, पण ते ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीनच सरकते. मॅक कॉम्प्युटरचे उदाहरण घ्या. २०१९ साली ॲपलने कॅटालिना नावाची प्रणाली आणली आणि ३२ बिटची सगळी जुनी सॉफ्टवेअरे तिच्यावर चालेनाशी झाली. २०२० पासून मॅकमध्ये ॲपलने स्वतःच्या बनावटीचा प्रोसेसर घालायला सुरुवात केली. जुन्या सूचना त्याला कळाव्यात म्हणून रोझेटा नावाचा दुभाषा दिला खरा, पण हा दुभाषा मॅकओएस २७ पर्यंतच पूर्णपणे राहील असे ॲपलने २०२५ मध्ये सांगून टाकले आहे. विंडोज या बाबतीत बरेच सोशिक आहे. तिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वीची सॉफ्टवेअरेही पुष्कळदा निमूट चालतात. ज्याचे काम चालू आहे असे सॉफ्टवेअर प्रत्येक बदलानंतर दुरुस्त होऊन येते. बंद पडलेले मात्र जिथल्या तिथे उभे राहते.

ही अडचण मराठी माणसाला नवी नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी निरनिराळ्या फाँटांत टाइप केलेली मराठी पत्रे, पत्रिका, कविता पुष्कळांच्या जुन्या फ्लॉप्यांवर आणि सीडींवर पडून आहेत. फाइल शाबूत आहे, पण तो फाँट नसला की पडद्यावर नुसते किडे-मुंग्या दिसतात. धुनेचेही तसेच होऊ शकते.

दुसरा धोका कुलपाचा. आजकाल बहुतेक सिंथेसायझर पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेटवरून कंपनीला विचारते, "हा गिऱ्हाईक खरा का?" कंपनीच उठून गेली तर उत्तर कोण देणार? स्टाइनबर्ग ही या क्षेत्रातली जुनी आणि मातब्बर कंपनी. सिंथेसायझर दुसऱ्या सॉफ्टवेअरात बसवण्याची व्हीएसटी ही पद्धत १९९६ साली तिनेच आणली. तिच्या जुन्या सॉफ्टवेअरांना ई-लायसेन्सर नावाची यूएसबी किल्ली लागत असे. त्या किल्लीची सेवा २० मे २०२५ रोजी बंद झाली. किल्लीत आधीपासून असलेला परवाना चालत राहतो, पण किल्ली बिघडली तर तो परत मिळवण्याचा मार्ग उरलेला नाही.

बंद पडलेल्या सिंथेसायझरांच्या दोन गोष्टी सांगतो, म्हणजे शेवट किती वेगवेगळे होतात ते कळेल. कॅमल ऑडिओ या कंपनीचे 'अल्केमी' लोकांचे फार आवडते होते. २०१५ साली ॲपलने ती कंपनी घेतली आणि त्याची विक्री थांबली. त्याच वर्षी अल्केमी ॲपलच्या लॉजिक या सॉफ्टवेअरात नव्या रूपात आले. मॅकवाल्यांची चैन झाली. विंडोजवाल्यांच्या हाती जुनीच आवृत्ती राहिली. दुसरे 'सर्ज'. व्हेंबर ऑडिओ नावाने क्लास योहानसन ते विकत असत. पुढे काम करायचे नाही असे ठरल्यावर त्यांनी २०१८ साली त्याच्या सगळ्या सूचना जगासमोर खुल्या केल्या. हौशी मंडळींनी त्या उचलल्या, आणि आज 'सर्ज एक्सटी' विंडोज, मॅक आणि लिनक्सवर फुकट मिळते. माझ्या मते व्यवसाय आवरण्याची याहून सभ्य रीत नाही.

मग आमच्या मैत्रिणीने काय करावे? मी तिला चार गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत. सॉफ्टवेअर ६४ बिटचे आहे का, आणि घरच्या कॉम्प्युटरवर त्याची फुकट चाचणी करता येते का? परवाना इंटरनेटशिवाय, नुसत्या क्रमांकाने किंवा फाइलने उघडतो का? बसवण्याची फाइल स्वतःजवळ पेनड्राइव्हवर ठेवता येते का? आणि एखाद्याकडून जुना परवाना घ्यायचा असेल तर तो रीतसर तिच्या नावावर होतो का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" आले तर आवाज कितीही गोड असो, घेऊ नये. चारही उत्तरे "होय" आली आणि घरात विंडोज असेल, तर खुशाल घ्यावे. फक्त किंमत दोन-तीन वर्षांच्या वापराची समजावी, जन्माची नव्हे. घरी मॅक असेल तर मी नको म्हणेन. आणि पैसे द्यायच्या आधी पंधरा दिवस सर्ज एक्सटी वाजवून पाहावे, असेही तिला सांगितले आहे. कदाचित ईदी वाचेल.

ते सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या संगीताला पियानोचे बारा समान स्वर पुरत नाहीत. पांढरी एकचा सा धरला तर त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २६१.६ असते. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३२७.०, आणि पियानोचा गंधार ३२९.६. अडीच कंपनांचा हा फरक कानाला टोचतो. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली ती याच दुखण्यावर. ज्या सिंथेसायझरमध्ये स्वर असे हवे तसे जुळवता येतात, ते आपल्या मुलांसाठी जास्त उपयोगाचे. सर्जमध्ये ही सोय आहे. पुष्कळशा महागड्या सॉफ्टवेअरांत नसते. घेण्यापूर्वी भूपातला गंधार लावून बघावा.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. सिंथेसायझर चालू असो वा बंद पडलेले, केलेले काम त्याच्याच पोटात ठेवू नये. धून दोन प्रकारे बाहेर काढावी. एक मिडी फाइल. ही पद्धत १९८३ सालची आणि आजही चालते. पंडित भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, तसेच हे : कोणता स्वर, केव्हा, किती वेळ, किती जोरात. आवाज त्यात नसतो, म्हणून फाइल चिमुकली असते आणि उद्या ती दुसऱ्या कोणत्याही वाद्यावर वाजवता येते. दुसरी वेव्ह फाइल. ती सरळ ध्वनिमुद्रण. मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खाते, पण सिंथेसायझर नाहीसे झाले तरी धून जशीच्या तशी ऐकू येते. तबला, धून, भरणा हे सगळे वेगवेगळे काढावे, म्हणजे पुढच्या वर्षी नुसता तबला बदलता येईल.

दोन्ही फाइली कॉम्प्युटरवर एक आणि पेनड्राइव्हवर एक अशा ठेवाव्यात. सोबत एका कागदावर सा कोणता, लय किती, कोणत्या आवाजाला काय नाव दिले होते आणि त्याच्या खटक्या कुठे होत्या हे लिहून ठेवावे. कागद मराठीत लिहिला तरी चालेल. बाई तपासून देतील.