दोघांमधली करवतीची रेघ

जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल ३० जून २०२५ रोजी आला आणि आकडे सगळ्यांच्या तोंडी झाले. जगात सहांतला एक माणूस एकाकी. त्यापायी वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून जास्त मृत्यू. अहवालातला एक भेद मात्र मथळ्यात मावत नाही. भोवती माणसं नसणं वेगळं आणि एकाकी वाटणं वेगळं. हवा असलेला जिव्हाळा आणि मिळणारा जिव्हाळा यांतलं अंतर दुखतं, तो एकाकीपणा. तो भरल्या घरातही असतो.

नॉर्वेच्या एडवर्ड मुंकने हे अंतर १८९९ मध्ये अक्षरशः करवतीने कापून ठेवलंय.

‘दोन माणसं : एकाकी’ हे त्याचं लाकडी ठशाचं चित्र. समुद्रकाठी एक बाई आणि एक पुरुष पाठमोरे उभे. याच विषयावरचं त्याचं आधीचं तैलचित्र १९०१ मध्ये जहाजावरच्या स्फोटात गेलं. ठसा राहिला, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो.

रंगीत ठशासाठी एरवी प्रत्येक रंगाची वेगळी फळी कोरतात आणि एकावर एक, जराही न हलवता छापतात. मुंकने एकाच फळीचे बारीक करवतीने तुकडे केले. तुकड्यातुकड्याला वेगळी शाई लावायची, ते पुन्हा जुळवायचे, वर कागद दाबायचा. सगळे रंग एका दाबात उतरतात. पण करवतीने खाल्लेलं लाकूड परत येत नाही. त्या फटीत शाई नसते. कागदावर कोरी रेघ राहते.

आता कापलंय कुठे ते बघा. पुरुष किनाऱ्याच्या तुकड्यातच आहे, वाळूला धरून. बाईचा तुकडा मात्र चहूबाजूंनी सुटा. दोघं हाकेच्या अंतरावर आहेत, तरी तिचं लाकूड त्याच्या लाकडाला कुठेच जोडलेलं नाही. मुंक पुढे कित्येक वर्षं याच फळीवरून निरनिराळ्या रंगांत ठसे काढत राहिला. रंग बदलले, फट तीच राहिली.

आई १८६८ मध्ये, बहीण सोफी १८७७ मध्ये, दोघी क्षयाने गेल्या. मुंकच्या चित्रांचं मूळ बहुतेक जण तिथे शोधतात. माझ्या मते या चित्रापुरती ती फळीच पुरेशी बोलकी आहे.

जगाने डोक्यावर घेतली ती त्याची ‘किंकाळी’. तिथे निदान चेहरा दिसतो, वेदना कळते. या दोघांचे चेहरेही आपल्याला दिसत नाहीत. अहवालातल्या माणसांचं याहून खरं चित्र मी पाहिलेलं नाही.