शिवारातली जनावरं – भाग ९ : माझ्या रानातला ससा कुणाचा?

"रान माझं, सातबारा माझ्या नावावर, कुत्रं मी पाळलेलं. मग माझ्याच रानात ससा उठवला तर फॉरेस्टवाल्यांचा काय संबंध?" माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत कुठल्याही पारावर शिकारीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. विचारणारा माणूस बहुतेक वेळा सराईत शिकारी नसतो. त्याच्या आजोबांनी कुत्री पाळली, वडिलांनी पाळली. सुगी आटोपली की चार पोरं माळावर जायची, एखादा ससा घरी यायचा आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. म्हणून त्याला दटावून चालणार नाही, नीट उत्तर द्यायला हवं. मागच्या आठवड्यात उसातला बिबट्या पाहिला. या वेळी ससा, रानडुक्कर आणि त्यांच्या मागं सुटणारं कुत्रं.

सातबारा जमिनीचा असतो. त्यावर पीक लागतं, विहीर लागते, झाडंही लागतात. ससा लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ९ शिकारीला मनाई करतं आणि ती करताना जमीन कुणाची हे विचारतच नाही. अभयारण्य असो, गायरान असो की तुमचं स्वतःचं जिराईत, मनाई तीच. शिकार म्हणजे केवळ जीव घेणं असंही नाही. पकडणं, फासात अडकवणं, हाकून काढणं, आमिष लावणं, मागं कुत्री सोडून पळवणं हे सगळं कायद्याच्या लेखी शिकारच आहे आणि यातला नुसता प्रयत्नसुद्धा. कुत्रं सुटलं आणि ससा निसटला तरी गुन्हा घडून गेलेला असतो. कलम ३९ प्रमाणे मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. ते ज्याच्या बांधावर पडलं त्याचा त्यावर हक्क नाही.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हा अनुसूचींची फेरमांडणी झाली. ससा आणि रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिथं कैद किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, आणि दंड पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही. सशामागं गेलेलं कुत्रं वाटेत घोरपडीवर पडलं तर मालकाचं प्रकरण एका क्षणात कुठल्या कुठं जातं, हे पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

आजोबांची आठवण मात्र खरी आहे. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्यात शिकारीचे परवाने होते, बंदीचे महिने होते. १९७२ चा कायदा आला तेव्हाही काही जनावरांसाठी परवान्याची वाट उघडी होती. ती १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. म्हणजे ज्या पिढीनं परवाना काढून शिकार केलेली पाहिली ती अजून गावात आहे, आणि नातवाला ती गोष्ट कालपरवाची वाटते.

आता कुत्र्याकडं वळू, कारण या सगळ्या प्रकरणात निर्दोष आणि देखणं तेच आहे. आपल्या भागातलं शिकारी कुत्रं म्हणजे कारवानी. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, पातळ कातडी. सीमेपलीकडं बागलकोट जिल्ह्यात याच घराण्यातल्या कुत्र्याला मुधोळ म्हणतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात जोपासली, पंचम जॉर्ज बादशहाला तिची जोडी भेट दिली आणि तिथून मुधोळ हे नाव जगभर गेलं. जानेवारी २००५ मध्ये डाक विभागानं देशी कुत्र्यांची जी चार तिकिटं काढली त्यात एक मुधोळचं होतं.

हे कुत्रं वासावर कमी आणि नजरेवर जास्त चालतं. दूरवर गवतात काही हललं की ते दिसतं आणि लगेच सुटतं. भरधाव धावताना प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात: एकदा अंग आक्रसलेलं असताना, एकदा ताणलेलं असताना. म्हणून उघडा माळ हीच त्याची जागा. उसात किंवा पाटणच्या झाडीत ते जवळजवळ निरुपयोगी. ससा वेगात त्याला फार काळ पुरत नाही. तो वाचतो तो वळणांवर. अगदी दाताशी आल्यावर काटकोनात वळतो, कुत्रं स्वतःच्या वेगानं पुढं जातं आणि पुन्हा फिरेपर्यंत ससा करवंदीच्या जाळीत. ही शर्यत हजारो वर्षांत घडली आहे आणि ती पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तिचा मोह सुटणं अवघड आहे.

साताऱ्याला या मोहाचा राजेशाही इतिहास आहे. थोरल्या शाहू महाराजांना शिकारीचा मोठा नाद. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्यानं वाघ जवळ आल्याचं भुंकून सावध केलं आणि महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा सांगतात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, त्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात.

पण दरबारी शिकारीहून मला जास्त मोलाची वाटते ती पालावरच्या माणसांची शिकार, कारण तिच्यात एक शिस्त होती. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या समाजांचा अभ्यास केला. तिरुमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरायचे. फासेपारधी फास लावून काळवीट आणि तित्तर-लाव्यांसारखे पक्षी पकडायचे. वैदू मुंगूस, उदमांजर असे लहान शिकारी प्राणी सापळ्यात घ्यायचे. एकाच मुलखात तिघं फिरत होते, पण एकमेकांच्या सावजावर फारसा हात टाकत नव्हते. ज्याचं पोट ज्या जनावरावर, त्यानं ते संपू दिलं नाही. पारध्यांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, गायरानं मोडली, माळ नांगरले गेले, आणि ही वाटणीही मोडली. आज 'शिकारी' म्हटलं की आपण आधी पालाकडं बोट दाखवतो. हे मला अन्यायाचं वाटतं. रात्री मोटारसायकलवर जाऊन बॅटरीच्या झोतात ससा दिपवायचा, वर तीन-चार कुत्री सोडायची, त्याचा व्हिडिओ करून मोबाइलवर फिरवायचा, हे काम पोटासाठी कुणी करत नाही. त्यात सशाला वळण घ्यायलाही जागा उरत नाही.

बाहेरच्या जगात खासगी जमिनीचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटला आहे. अमेरिकेत रॅकून नावाचा प्राणी आहे. आपल्या उदमांजरासारखा रात्री हिंडणारा, झाडावर चढणारा, मक्याच्या शेतात शिरणारा. त्याच्यामागं सोडायची कुत्री कारवानीच्या अगदी उलट: नाकावर चालणारी, घोगऱ्या लांब आवाजाची. ती वास काढत जातात, रॅकून झाडावर चढला की बुडाशी उभी राहून भुंकतात आणि मालक आवाजावरून अंधारात तिथं पोचतो. काही स्पर्धांत तर रॅकूनला मारतच नाहीत, कुत्र्याला गुण देऊन परत येतात. तिथं हंगाम असतो, परवाना असतो आणि जमीनमालकाची संमती लागते. तरी भांडणं होतातच, कारण कुत्र्याला कुंपण कळत नाही. व्हर्जिनिया राज्यात तर असा कायदा आहे, की दुसऱ्याच्या जमिनीत गेलेलं शिकारी कुत्रं आणायला मालक बंदुकीशिवाय आत जाऊ शकतो. इंग्लंडनं २००४ साली कायदा करून कुत्र्यांनी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करणं बंद केलं, पण घुशी-उंदीर आणि बिळात राहणारे ससे यांना जमीनमालकाच्या संमतीनं सूट ठेवली. दोन्हीकडं मालकाच्या शब्दाला वजन आहे. आपल्याकडं नाही, आणि माझ्या मते इथं ते तसंच राहावं. दोन-तीन एकरांच्या तुकड्यांत वाटलेल्या शिवारात प्रत्येक बांधाला शिकारीचा हक्क दिला तर ससा एका सकाळीत वीस मालकांच्या रानातून पळेल आणि एकविसाव्यात मरेल.

माळावरचा ससा हा नुसता ससा नाही. लांडगा, कोल्हा, खोकड, मोठे गरुड या सगळ्यांचं तो खाद्य आहे. माळावर ससे उरले नाहीत तर लांडग्याचा मोर्चा धनगराच्या वाड्याकडंच वळणार. शिवाय कुत्र्यांबरोबर त्यांचे रोग रानात जातात. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला; हा रोग कुत्र्यांत सर्रास आढळतो. पुण्याजवळच्या गवताळ माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीनं सिद्ध झालं आहे. माण किंवा जतच्या माळावर लस न दिलेली, रात्री मोकळी सुटणारी कुत्री हे लांडग्याचं मोठं संकट आहे, शिकार न करताही.

राहिलं रानडुक्कर. इथं शेतकऱ्याचं दुखणं खरं आहे. शिराळा, पाटण, कराड भागात एका रात्रीत भुईमूग उकरला जातो, मका आडवा होतो, उसाची लागण जाते. अशा वेळी माणूस कुत्री लावतो, वाघर लावतो, क्लचवायरचा फास लावतो, कुणी गावठी बॉम्बही पेरतो. वायर आणि बॉम्ब डुक्कर ओळखत नाहीत. त्यात बिबट्या अडकतो, गाय अडकते, गुराखी पोरगं जखमी होतं. कुत्र्यांनी घेरलेलं डुक्कर सुळ्यानं कुत्र्याचं पोट फाडतं आणि वाट दिसेल तिकडं, म्हणजे अनेकदा माणसाच्या अंगावर, येतं.

कायद्यानं यावर वाट ठेवली आहे, ती माहीत असावी. जनावर माणसावर आलं आणि जीव वाचवताना मेलं तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा नाही, मात्र तुम्ही स्वतः कायदा मोडत असताना ते अंगावर आलेलं नसावं. कुत्री घेऊन डुक्कर घेरायला गेलेल्याला हे संरक्षण मिळत नाही. पीक वाचवायला मारणं यात बसत नाही. त्यासाठी आधी परवानगी लागते. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकारी कारण नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो, आणि महाराष्ट्रानं २०१५ मध्ये रानडुक्कर व नीलगाय यांच्यासाठी शेतकऱ्यानं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं अर्ज करायची पद्धत घालून दिली. हा अर्ज फार कमी शेतकरी करतात. तो सोपा करणं, गावात येऊन भरून घेणं हे वनखात्याचं काम आहे, आणि ते होत नाही तोवर वायरी लागत राहतील असं मला स्पष्ट दिसतं.

आपल्या किंवा शेजाऱ्याच्या रानात कुत्री घेऊन टोळी उतरलेली दिसली तर अंगावर जाऊ नका. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा. गाव, गट नंबर किंवा जवळची खूण, गाडीचा नंबर सांगा. डुकरानं पीक मोडलं असेल तर उकरलेलं रान सारखं करण्याआधी फोटो काढा, अर्ज द्या आणि अर्जाची पोच मागून घ्या. त्या अर्जात काय लिहायचं, पंचनाम्याला कोण कोण येतं आणि भरपाई कुठं अडते, ते पुढच्या भागात.